कोयता म्हणजे किती माणसं?

पंधराएक वर्षांपूर्वी माझ्याकडे तपासायला एक अहवाल आला. मी तेव्हा मुद्रितशोधन करून पोट भरीत होतो. आजही प्रामुख्याने तेच करतो. अहवाल बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगारांवर होता. ऱ्हस्व-दीर्घ सुधारत मी एका तक्त्यापाशी आलो. त्यात गावांची नावं होती आणि पुढच्या रकान्याचं शीर्षक होतं, ‘गेलेले कोयते’. मी समासात शंका लिहिली : ‘ही संख्या हत्यारांची की माणसांची?’ उलट टपाली उत्तर आलं : ‘जोडप्यांची. तिकडे तसंच म्हणतात.’

माझ्या कामापुरता विषय तिथे संपायला हवा होता. पण मुद्रितशोधकाला एक खोड असते, एखादा शब्द अडला की तो जेवताना, झोपतानाही अडून बसतो. त्या शब्दाच्या मागे मी प्रथम ग्रंथालयात गेलो, मग कायद्याच्या पुस्तकांत आणि शेवटी धारूर, वडवणी, केजच्या एस.टी. स्थानकांवर. पुढे काही वर्षं साक्षी टिपून घेणं, निवेदनं लिहिणं, कामगार कार्यालयात खेटे घालणं हेही अंगवळणी पडलं. या विषयातली पदवी माझ्याकडे नाही. इंग्रजी निकालपत्रं मी शब्दकोश शेजारी ठेवून वाचतो. स्थलांतरितांच्या हक्कांसाठी लिहिला जाणारा अहवाल हा मी वाङ्मयप्रकार म्हणून वाचत आलो आहे. प्रस्तुत लेखात त्याच वाङ्मयप्रकाराची चिकित्सा करायची आहे. कादंबरीची आपण जितक्या बारकाईने करतो, निदान तितक्या बारकाईने.

आधी कोयत्याचं पाहू. दसरा उलटला की मराठवाड्यातल्या बालाघाटाच्या गावांतून ट्रक, ट्रॅक्टर भरू लागतात. वाचकांच्या हाती हा दिवाळी अंक पडेल तेव्हा त्यातली कितीतरी बिऱ्हाडं कोल्हापूर, सांगली, सातारा, अहिल्यानगर किंवा थेट कर्नाटकातल्या फडांवर उतरलेली असतील. हंगामाआधी मुकादम उचल देतो. ती एका माणसाला मिळत नाही, एका कोयत्याला मिळते. कोयता म्हणजे नवरा-बायको. नवरा ऊस बुडख्यातून तोडतो, बायको पाचट काढते, वाढं वेगळं करते, मोळी बांधते आणि ती डोक्यावर घेऊन फळीवरून वाहनावर चढते. एकट्या माणसाला म्हणतात अर्धा कोयता. विधवा, टाकलेली बाई, बायको मेलेला गडी, सगळे अर्धे. त्यांना जोडीदार शोधावा लागतो, नाहीतर उचल अर्धी. काम न झालेल्या दिवसाला खाडा धरतात आणि खाड्याचे पैसे उचलीत वळते होतात. आजारपण, बाळंतपण, पाळी, सगळं खाड्यात येतं.

मजुरी टनावर. साखर संघ, कामगार संघटना आणि शासन यांच्या वाटाघाटींतून ती ठरते. २०२४च्या जानेवारीत ३४ टक्के वाढ झाली आणि टनाचा दर २७३ रुपयांवरून ३६६वर गेला. या दराच्या बातम्या मी गोळा केल्या आहेत. टन कोणी तोडला, कोणी वाहिला आणि पैसे कोणाच्या हातात पडले, हा प्रश्न त्यांच्यात क्वचितच येतो. कारण दरपत्रकाचा घटक टन आहे आणि टोळीचा घटक कोयता. माणूस हा घटक कुठल्याच खात्यात नाही.

मुकादमाने हा शब्द वापरावा यात नवल नाही, त्याची ती धंद्याची भाषा आहे. नवल याचं, की कामगारांची बाजू मांडणारे अहवालही तोच घटक उचलतात. संशोधक गावात जातो, ‘किती कोयते गेले?’ विचारतो, मुकादमाच्या वहीतून आकडा मिळतो, तक्ता भरतो. तक्ता भरला की बाई निम्मी राहते असंही नाही, ती मुळीच राहत नाही. कारण साक्ष द्यायला पुढे येतो तो नवरा.

हे केवळ संशोधकांचं आंधळेपण आहे असं मला वाटत नाही. मराठी साहित्यानेच स्थलांतराचं जे चित्र आपल्या मनात कोरलं, त्याचाही यात वाटा आहे. अण्णाभाऊ साठे यांची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड घ्या. मुंबईला आलेला कष्टकरी गावी राहिलेल्या बायकोच्या आठवणीने कासावीस होतो आणि बघता बघता तो विरह बेळगाव, कारवार, निपाणीपासून तुटलेल्या महाराष्ट्राचा विरह होतो. खाजगी दुःखाचं इतकं थेट राजकीय रूपांतर आपल्या भाषेत फार थोड्यांना साधलं आहे. पण त्या रचनेचा पाया एका गृहीतावर उभा आहे : पुरुष जातो, बाई राहते. गिरणगावची खोली, कोकणातला चाकरमानी, मनीऑर्डर, गावच्या घरात वाट पाहणारी कारभारीण, हा सगळा ऐवज त्याच साच्यातला. ऊसतोडीत मैना गावावर राहत नाही. ती मोळी डोक्यावर घेऊन फळी चढते. विरहाचं गाणं तिला लागूच पडत नाही आणि दुसरं गाणं आपण रचलं नाही.

लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’त (१९८०) हा साचा मोडलेला दिसतो. तिथे गाढवांवर लादलेलं अख्खं बिऱ्हाडच चालतं. मागे घर नाही, त्यामुळे घराची ओढही त्या अर्थाने नाही. ओढ आहे ती शाळेची, म्हणजे एका जागी थांबण्याची. कैकाडी समाजातल्या त्या मुलाच्या आत्मकथनाला पुढच्याच वर्षी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. आपण ते दलित आत्मकथन म्हणून, भटक्या-विमुक्तांचा दस्तऐवज म्हणून वाचलं आणि ते योग्यच होतं. स्थलांतराचं गद्य कसं लिहावं याचा वस्तुपाठ म्हणून मात्र ते वाचलं गेलं नाही. ‘बिऱ्हाड’ या शब्दात चूल येते, पोरं येतात, म्हातारी येते, कुत्रं येतं. ‘कोयत्या’त यातलं काहीच येत नाही. कोपीत सांभाळायला ठेवलेलं सहा वर्षांचं पोर आणि त्याच्या मांडीवरचं दीड वर्षाचं पोर कुठल्या तक्त्यात जातात? गेलेच तर ‘शाळाबाह्य मुले’ या दुसऱ्याच खात्याच्या तक्त्यात.

आता कायद्याकडे येतो, कारण वकिली करायची तर कायद्याच्या भाषेत बोलावं लागतं. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा १९७९चा कायदा ओडिशातल्या ‘दादन’ मजुरांच्या हलाखीतून जन्मला. दादन म्हणजे उचलच. ओडिशाने त्याआधी १९७५ साली स्वतःचा कायदा केला होता. केंद्राच्या कायद्यात मला सगळ्यात आवडलेली तरतूद कामगाराच्या पासबुकाची. कंत्राटदाराने प्रत्येक कामगाराला छायाचित्र लावलेलं पुस्तक द्यायचं, त्यात मजुरीचा दर, कामाचा काळ, विस्थापन भत्ता लिहायचा, आणि कामगाराची भाषा हिंदी-इंग्रजी नसेल तर त्याच्या भाषेतही लिहायचा. प्रत्येक कामगाराला एक छायाचित्र आणि एक पुस्तक. हा मसुदा लिहिणाऱ्या कारकुनाला कोयता हा घटक मान्य नव्हता एवढं नक्की.

पण कायदा आंतरराज्य होता. धारूरहून बेळगाव जिल्ह्यात जाणारी बाई त्याच्या कक्षेत येत असे, धारूरहून कोल्हापूरला जाणारी येत नसे. अंतरात फारसा फरक नाही, उसातही नाही, फक्त मध्ये राज्याची सीमा लागत नाही. २०२० साली संसदेने मंजूर केलेल्या संहितेत आंतरराज्य स्थलांतरित कामगाराची व्याख्या रुंदावली, स्वतःहून गेलेला माणूसही तीत आला. पण पूर्वी पाच कामगारांना लागू होणारा कायदा आता दहांना लागू करायचा ठरला आणि ‘आंतरराज्य’ हा शब्द जागचा हलला नाही.

म्हणून आमच्यासारखे लोक दुसरा दरवाजा ठोठावतात, वेठबिगारीचा. बंधुआ मुक्ती मोर्चाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८३च्या डिसेंबरात दिलेला निकाल हा आमचा आधारवड. फरिदाबादच्या दगडखाणींबद्दल आलेलं पत्रच न्यायालयाने याचिका मानलं, पाहणीसाठी दोन वकील पाठवले, पुढे एका अभ्यासकाकडून सामाजिक पाहणीही करून घेतली. मजुराकडून सक्तीने काम घेतलं जात असेल तर ते कुठल्यातरी उचलीपोटीच असणार, असं न्यायालय गृहीत धरील आणि तसं नसल्याचं मालकाने दाखवावं, हा त्यातला मोठा मुद्दा. मला मात्र त्यातली दुसरी एक गोष्ट जास्त विचारात पाडते. प्रतिवाद्यांचा आक्षेप होता की या पाहणी अहवालांना पुरावा कसं मानणार, त्यांची उलटतपासणी झालेली नाही. न्यायालयाने तो फेटाळला. गरिबाला साक्षीदार आणि कागद गोळा करणं परवडत नाही, म्हणून अहवालही विचारात घेतला जाईल असं ठरलं. निकाल न्याय्य होता यात शंका नाही. पण त्या दिवशी अहवाल लिहिणाऱ्याच्या हातात फार मोठी सत्ता आली. न्यायालयात उभ्या राहिलेल्या माणसाला निदान उलट प्रश्न विचारले जातात आणि त्याला स्वतःच्या तोंडाने उत्तर देता येतं. अहवालात तो संशोधकाच्या तोंडून बोलतो. कुठलं वाक्य ठेवायचं, कुठलं गाळायचं, हे संशोधक ठरवतो.

मीही ठरवलं होतं. एका संस्थेच्या निवेदनासाठी मी धारूर तालुक्यातल्या एका बाईंची साक्ष टिपली होती. चाळिशीच्या आत-बाहेरच्या, वीस हंगाम केलेल्या. दोन तास बोलल्या. खाडा, मुकादमाची शिवीगाळ, रात्री-अपरात्री गाडी भरायला उठवणं, फळीवरून पडून मोडलेला हात, सगळं सांगितलं. आणि मध्येच, चहा गाळता गाळता म्हणाल्या, “आमच्या कोयत्याला वस्तीत सगळ्यात जास्त उचल भेटती, भाऊ. माझ्यासारखी मोळी कुनाला बांधता येत न्हाई. मुकादम माझ्याकडं बघून पैसे देतो, ह्यांच्याकडं बघून न्हाई.” हे सांगताना चेहऱ्यावर जे आलं होतं त्याला अभिमान याखेरीज शब्द नाही.

ते वाक्य मी गाळलं. कारण निवेदनाचा विषय होता वेठबिगारी, आणि ज्या उचलीला आम्ही बेडी म्हणत होतो तिला ही बाई आपली पत म्हणत होती. वाक्य ठेवलं असतं तर समोरच्याने तेवढंच उचलून धरलं असतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. आजही वाटतं की तो अंदाज चुकीचा नव्हता.

काही महिन्यांनी तालुक्याच्या गावी जनसुनावणी झाली. नावं बदलून साक्षी वाचून दाखवल्या गेल्या. त्या बाई दुसऱ्या रांगेत बसल्या होत्या. त्यांची साक्ष मीच वाचली. संपल्यावर त्या शेजारणीला हळूच म्हणाल्या, ते मला ऐकू आलं : “लई गरीब दिसती ही बाई. कुठली असंल?”

त्यानंतर वर्षभर मी साक्ष टिपायला गेलो नाही. मुद्रितं तपासत बसलो. त्याच काळात हाना आरेंट यांचा ‘वुई रेफ्युजीज’ हा १९४३ सालचा निबंध वाचनात आला. नाझी जर्मनीतून सुटून अमेरिकेत पोचलेल्या या बाईंच्या लेखाची सुरुवातच अशी आहे की आपल्याला निर्वासित म्हटलेलं आवडत नाही. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या लोकांबद्दल असंच ऐकत आलो आहोत : शरणार्थी म्हटलं की ते ‘आम्ही पुरुषार्थी’ म्हणून सुधारत. हक्क मिळवून देणारा शब्द आणि माणसाने स्वतःसाठी निवडलेला शब्द यांची फारकत ही काही धारूरची खासियत नव्हे.

तेव्हापासून मी निर्वासितांविषयीचे कागदही वाचू लागलो. आपल्याकडे तर त्यांची नावनिशाणीच अवघड. १९५१च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारावर भारताने सही केलेली नाही. फाळणीनंतर ‘विस्थापित व्यक्तीं’साठी कायदे झाले, पण ते त्या प्रसंगापुरते. नंतर सीमा ओलांडून आलेला माणूस कायद्याच्या लेखी ‘परकीय’ ठरतो. गोठणगावच्या वसाहतीतला तिबेटी असो की जम्मूतला रोहिंग्या, कोणाला कशी वागणूक मिळेल ते कायद्याऐवजी शासनाच्या धोरणावर ठरतं. या अंधारात एक शब्द मात्र दिव्यासारखा आहे. अरुणाचलातल्या चकमांना हुसकावण्याचं प्रकरण मानवी हक्क आयोगाने सर्वोच्च न्यायालयात नेलं, तेव्हा १९९६च्या जानेवारीत न्यायालयाने सांगितलं की जीविताचं रक्षण हे प्रत्येक माणसाला आहे, नागरिक असो वा नसो. कारण घटनेच्या एकोणिसाव्या अनुच्छेदात ‘नागरिक’ हा शब्द आहे, एकविसाव्यात ‘व्यक्ती’ आहे. मुद्रितशोधकाच्या नजरेने पाहिलं तर एका शब्दाच्या निवडीवर हजारो जीव तरले. मग ‘कोयता’ या शब्दावर किती बुडाले असतील, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

कोल्हापूरजवळ वळिवडे आहे. ऊसतोडीच्या निमित्ताने त्या भागात माझं जाणं असे. १९४३ ते १९४८ या काळात तिथे पोलंडच्या सुमारे पाच हजार निर्वासितांची छावणी होती. सोव्हिएत रशियाने सैबेरियाकडे हद्दपार केलेले, इराणमार्गे इथवर आलेले लोक, त्यात बायका आणि मुलंच बहुसंख्य. छावणीत शाळा होत्या, चर्च होतं, दवाखाना होता, नाटकं होत. ते गेले आणि फाळणीने घर गमावलेले सिंधी त्याच जागी आले. आजचं गांधीनगर ते. पोलिश मुलांनी म्हातारपणी आपल्या आठवणी आणि कागदपत्रं एकत्र करून जाडजूड ग्रंथ सिद्ध केला, कोल्हापुरात त्यांचं स्मारक आहे. मला त्या ग्रंथाचा हेवा वाटतो. त्यात उपासमार आणि मृत्यू आहेत, तसे खेळ, सण आणि शाळकरी भांडणंही आहेत. कारण तो पीडितांनी आपल्या भाषेत लिहिला, अर्ज म्हणून लिहिला नाही. आणि तो लिहिता आला कारण छावणीत शाळा होत्या. त्याच पंचक्रोशीत दर हंगामाला पाचटाच्या कोप्या उभ्या राहतात आणि उन्हाळ्यात मोडल्या जातात. त्यांतल्या मुलांसाठी साखरशाळा, हंगामी वसतिगृहं असे प्रयोग होत आले, पण तुकड्या-तुकड्यांनी. पन्नास वर्षांनी आठवणी लिहायला त्यांच्यातलं कोण बसेल?

ऊसतोडीतली बाई शासनाच्या तक्त्यात वेगळी दिसली ती २०१९ साली, गर्भाशयाच्या रूपाने. बीड जिल्ह्यातल्या गर्भपिशवी काढण्याच्या शस्त्रक्रियांचा बोभाटा झाला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणीतल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. आकडा हादरवणारा होता, त्याने काही नियम बदलले, ओळखपत्रांची, आरोग्य तपासणीची भाषा सुरू झाली. त्या आकड्याचं मोल मी कमी लेखत नाही. पण एरवी कोयत्याचा अदृश्य अर्धा भाग असलेली बाई दिसायला तिच्या शरीरातून एक अवयव जावा लागला. आणि नंतरचं लेखन वाचलं की जाणवतं, ती पुन्हा एका अवयवापुरतीच उरली. तिची मजुरी, तिच्या नावाचं खातं, फळीवरून पडून मोडलेला हात, हे त्या लेखनात नाहीच.

साहित्यिकांनी काही वेगळं केलं असं नाही. ८ मे २०२० रोजी पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेल्या सोळा मजुरांवरून मालगाडी गेली. जालन्याहून चालत निघालेले मध्य प्रदेशातले मजूर होते ते. रुळांवर विखुरलेल्या पोळ्यांचं छायाचित्र सगळ्यांनी पाहिलं. त्यावरच्या मराठी कविता मी वहीत उतरवून घेत होतो. चाळीस झाल्यावर थांबलो. बहुतेकींत पोळ्या आहेत, माणूस नाही. ते शहडोल-उमरियाकडचे होते, जालन्यात पोलाद कारखान्यात कामाला होते, हे फारच थोड्या कवितांना ठाऊक आहे. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात टाळेबंदीत किती स्थलांतरित दगावले याची माहिती ठेवलेली नाही, असं केंद्रीय कामगार मंत्रालयाने लोकसभेत सांगितलं. आपण सगळे संतापलो, संतापायलाच हवं होतं. पण कविता लिहिणाऱ्यांनी तरी कोणती माहिती ठेवली होती?

अलीकडे मी पुन्हा साक्षी टिपतो. पद्धत थोडी बदलली आहे. नवऱ्याची आणि बायकोची साक्ष वेगवेगळी, वेगळ्या दिवशी. तक्त्यात कोयता हा रकाना ठेवतो, कारण उचलीचा हिशेब त्याशिवाय लागत नाही, पण त्याशेजारी माणसांचा रकाना, त्यात पोरांसकट सगळी. संस्थांना हे आवडत नाही, पानं वाढतात. एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी सुनावलं, “तुम्हाला खटला जिंकायचाय की कादंबरी लिहायचीय?” त्यांचा त्रागा मला कळतो. बेडी आणि पत दोन्ही एका कागदावर लिहिल्या की वकिलाची अडचण होते. तरी न्यायालयाला उचलीचा अर्थ समजून घ्यायचा असेल तर ती पत का वाटते हेही त्याला कळलं पाहिजे, कारण पत वाटते म्हणूनच ती इतकी घट्ट बसते. तो युक्तिवाद कच्चा मसुदा म्हणून माझ्या वहीत आहे. अजून कोणी वकील तो घ्यायला तयार झालेला नाही.

लिहिलेली साक्ष आता मी परत नेऊन वाचून दाखवतो. गेल्या पावसाळ्यात धारूरच्या त्या बाईंकडेही गेलो, जुनी टिपणं काढून सगळी साक्ष नव्याने लिहून. मोळीचं वाक्य होतं. त्या पायरीवर बसून, शेंगा फोडत ऐकत होत्या. मोळीच्या वाक्याला मान हलवली, त्यावर काही बोलल्या नाहीत. मी ‘पहाटे चारला उठतो’ असं लिहिलं होतं, तिथे मात्र त्यांनी हात वर करून मला थांबवलं. म्हणाल्या, “चारला फडात असतो, भाऊ. उठतो अडीचला. भाकरी कोन थापनार?”

मी तिथेच बसून खोडलं आणि अडीच केलं.